दहापैकी दहा मिळालेली बाळंतीण

सरूबाईच्या पोटात वाईट बातमी मुरायची, चांगली मात्र टिकायची नाही. कुणाच्या घरचं भांडण कानावर पडलं तर ती ते तिथंच गिळून टाकायची, तोंडातून अक्षर बाहेर पडायचं नाही. पण कुणाच्या पोराला वाळूजला कंपनीत काम लागलं, कुणाच्या गाईला कालवड झाली, की ही बाई हर्सूलला आपल्या घरापाशी उतरायच्या आधी रिक्षातल्या अनोळखी माणसांनासुद्धा ते ठाऊक झालेलं असायचं. त्या रस्त्याचे रिक्षावाले तिला ओळखून होते. "काय मावशी, आज काय खबर?" असं विचारूनच ते गाडी चालू करायचे.

घरात नवरा पुंजाराम. तो मोजकं बोलायचा आणि त्यातलं निम्मं "बरं" असायचं. त्यामुळं घरातलं बोलायचं सगळं काम सरूबाईकडं आलं होतं, आणि तिनं त्या कामाचा कधी कंटाळा केला नाही.

शहरातल्या एका हॉस्पिटलात ती बाळंतिणींच्या वॉर्डात होती. वॉर्डातल्या बाईला नाव नसतं, ती सगळ्यांची मावशी. चादरी बदलायच्या, भांडं द्यायचं, दुपटी वाळत घालायची, असली कामं. पण एक काम होतं ज्याला सिस्टरसुद्धा तिलाच हाक मारायच्या. सिझर झालेल्या बाईला पहिल्यांदा खाटेवरून उठवून उभं करायचं. सरूबाई समोर उभी राहायची, वाकायची आणि म्हणायची, "टाक दोन्ही हात माझ्या गळ्यात. लाजती काय, मी काय तुझा नवरा हाय का?" बाईनं हात टाकले की सरूबाई एखादी गोष्ट सुरू करायची. आमच्या गल्लीतल्या अमक्याच्या बकरीनं लग्नाची पत्रिका खाल्ली, मग पुढं काय झालं. बाई ऐकता ऐकता हसायच्या बेतात यायची, टाके आठवून हसू दाबायची आणि तेवढ्यात तिचे पाय जमिनीला लागलेले असायचे. "अगं बाई, उभी राहिले की मी!" असं ती स्वतःच म्हणायची. मग बकरीचं काय झालं ते सांगायचं राहूनच जायचं.

तर अशा वॉर्डात एक दिवस सोनिया मॅडम कागद घेऊन आल्या.

सोनिया मॅडम म्हणजे डॉक्टर झालेल्या, पण पुढचं अजून शिकत असलेल्या. बारीक अंगाची, मोठ्या चष्म्याची, चालताना कायम घाईत असलेली पोरगी. तिनं सरूबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की बाळंतपणानंतर बाई किती सावरली हे मोजायचे हे प्रश्न आहेत. फ्रान्समध्ये तयार झालेत. प्रत्येक प्रश्नाला बाईनं शून्य ते दहा यांतला एक आकडा सांगायचा. दहा म्हणजे अगदी छान, शून्य म्हणजे अगदी वाईट. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मावशींनी वाचून दाखवायचे.

सरूबाईची शाळा चौथीपर्यंतची. पण वाचायची ती खणखणीत, कारण चौथीच्या मास्तरांना कमी ऐकू यायचं.

"फ्रान्स म्हणजे लई लांब ना?" तिनं विचारलं.

"लांबच."

"मग तिथल्या बायांचं पोट आपल्यावानीच असंल का?"

"पोट तेच, मावशी. बोलणं वेगळं. म्हणून तर आधी मराठी केलं. मग दुसऱ्या एकीनं ते पुन्हा फ्रेंच केलं, अर्थ सरकलाय का बघायला. आता आपल्या बायकांना कळतंय का ते बघायचं."

"म्हणजे शिवायचं, उसवायचं आन् परत शिवायचं."

"तसंच," सोनिया मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. सरूबाईला त्याचं अप्रूप वाटलं. तिचं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. पुंजारामनं तर धड ऐकलंही नव्हतं.

पहिली खाट पाचोडकडच्या एका पोरीची होती. उशाशी तिची आई बसलेली. सरूबाईनं घसा साफ केला आणि वाचलं, "गेल्या चोवीस तासांत आपण कोणाच्याही मदतीशिवाय स्वतःची स्वच्छता करू शकलात का?"

पोरगी तोंड उघडणार तोच आई उठून उभी राहिली. "मदतीशिवाय? आमी काय मेलो का? बाळंतीण आपल्या हातानं पाणी अंगावर घेती का कुठं?"

"तसं नाही हो काकू," सोनिया मॅडम म्हणाल्या, "फ्रान्समध्ये घेतात."

"मग त्यांच्या आया कुठं जात्यात?"

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

पुढचा प्रश्न होता, "परिस्थिती आपल्या नियंत्रणात असल्याची भावना आपणांस होती का?" पोरगी बराच वेळ विचार करून म्हणाली, "ते ह्यांना विचारा, ते खाली गाडी लावायला गेलेत."

अशी सुरुवात झाली. पण सोनिया मॅडम चिडणाऱ्यातल्या नव्हत्या. बायका जिथं जिथं अडल्या तिथं तिथं त्यांनी खूण केली, वरच्यांशी बोलून वाक्यं सरळ करून घेतली. अंघोळीचा प्रश्न मग असा झाला, की कुणी नसतं तर तुमची तुम्हाला अंघोळ करता आली असती का. हा मात्र सगळ्यांना कळला. आयासुद्धा गप्प बसायला लागल्या.

आकड्यांचं दुखणं निराळंच होतं. दहापैकी म्हटल्यावर वॉर्डात सगळ्यांना परीक्षाच आठवली. एक सासू सिस्टरच्या टेबलापाशी येऊन भांडून गेली, "पल्याडच्या खाटंवरलीला आठ आन् मपल्या सुनंला सहाच कामून? तिच्यापरीस आमी काय कमी केलं? रोज शेपूची भाजी हाय, खारीक हाय, बदाम हाय!" तिला वाटलं मोजमाप घराचं चाललंय. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेच्या कानाशी लागून आकडे पाठ करून घेतले.

आकड्यांमागची गोम ओळखली सरूबाईनंच. डबा खाता खाता ती हसत म्हणाली, "मॅडम, एक गंमत बघितली का? उशाशी आई बसली तर पोरीचे दोन-तीन यायलेत. सासू बसली की नऊ-दहा. एकाच दिवसाच्या दोन बाळंतिणी, टाके सारखे, डॉक्टर एक. आईला दुखणं सांगायचं असतं न् सासूला बरं हाय म्हणायचं असतं. आमी पण तेच केलं. माहेरी बाजंवर पडल्या पडल्या आईचं डोकं खायचे मी, इथं दुखतंय न् तिथं दुखतंय. सासरी आले की बरं हाय. सासूनं विचारलं तरी बरं हाय, नाय विचारलं तरी बरं हाय."

सोनिया मॅडमनी डबा बाजूला ठेवला. "मावशी, मला हेच खटकत होतं आणि सापडत नव्हतं."

त्या दिवसापासून नियम झाला. प्रश्न विचारताना उशाशी कुणी नको. आई नको, सासू नको, नवरा तर नकोच. आणि विचारणारी बाईसुद्धा नात्यातली नको. सरूबाईला या नियमाची फार हौस वाटली. ती वॉर्डाच्या दारात उभी राहून कंडक्टरसारखी हाळी द्यायची, "नातेवाईक बाहेर! चला, च्या पिऊन या! नातेवाईक बाहेर!" आणि एखादी सासू रेंगाळली तर तिच्या खांद्याला हात लावून मायेनं पण नेटानं बाहेर काढायची.

त्याच सुमारास सरूबाईच्या सुनेचे, सायलीचे, दिवस भरत आले होते.

सायली फर्दापूरची. तिचा बाप कडूबा, लेणीच्या पायथ्याशी रंगीत दगडांचं नि मण्यांचं लहानसं दुकान चालवायचा. आई ती पहिलीत असतानाच गेलेली. बापलेक दोघंच वाढले, असंच म्हणावं लागेल, कारण पोरीनं बापाला सांभाळलं का बापानं पोरीला, हे गावालाही सांगता आलं नसतं. सरूबाईच्या लेकाशी, गोकुळशी, तिचं लग्न झालं तेव्हा सरूबाईला सून आवडली ती एका गोष्टीनं. पोरगी कधी कशाला नाही म्हणायची नाही, कधी काही मागायची नाही. सरूबाई गल्लीत सांगायची, "मपली सून म्हणजे शांत समई." शेजारची केसरबाई म्हणायची, "समईला पण तेल मागावं लागतं गं कधीमधी." पण सरूबाईनं ते हसण्यावारी नेलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. इथं माहेर म्हणजे दगडांचं दुकान. तेव्हा सरूबाई कडूबाला म्हणाली, "पाव्हणं, तुमी फिकीर करू नका. आईपण मीच न् सासूपण मीच. वॉर्डात शेकडो उठवल्यात, एक घरची उठवायला काय लागतं?"

सायलीचंही सिझर झालं, त्याच हॉस्पिटलात. मुलगी झाली, गोरीगोमटी, केसाळ. गोकुळ वाळूजहून कंपनीच्या शर्टावरच धावत आला आणि लेकीला बघून रडला. पुंजाराम "बरं झालं" म्हणाला, म्हणजे नेहमीपेक्षा एक शब्द जास्त.

सायलीला उठवून उभं करायची वेळ आली तेव्हा सरूबाई पदर खोचून गेली. बघते तर सायली खाटेचा गज धरून आधीच उभी. ओठ दाताखाली, कपाळावर घामाचे थेंब, पण उभी.

"अगं, मी येतच व्हते की! गळ्यात हात टाकायचास ना."

"उठता आलं, आत्याबाई," सायली म्हणाली.

सरूबाईला केवढं कौतुक वाटलं. बकरीची गोष्टसुद्धा न ऐकता उठली! सासूच्या गळ्यात हात टाकायची पोरीला चोरी वाटली, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवशी सोनिया मॅडम कसल्याशा मीटिंगला पुण्याला गेल्या होत्या. जाताना सांगून गेल्या, सायलीला मी आल्यावर विचारीन. पण सरूबाईला कुठला दम निघतो? सगळ्या वॉर्डाला विचारलं आणि घरच्या सुनेचंच राहिलं, हे तिला बरं दिसेना. दुपारी तिनं कागद घेतला, आजूबाजूचे नातेवाईक मोठ्या आवाजात बाहेर घालवले आणि स्वतः सुनेच्या उशाशी बसून खणखणीत वाचायला लागली.

"दुखणं किती आटोक्यात हाय?"

"दहा."

"बाळाला आधाराबिगर घेता येतं का?"

"दहा."

"कुणी नसतं तर अंघोळ करता आली असती का?"

सायलीनं सासूच्या तोंडाकडं बघितलं. ते तोंड असं फुललं होतं, की त्यात खडा टाकायची तिची हिंमत झाली नाही. "दहा," ती म्हणाली.

शेवटपर्यंत दहा. एकसुद्धा नऊ नाही. अख्ख्या वॉर्डात असा कागद झाला नव्हता. सरूबाईनं तो सिस्टरला दाखवला, झाडूवालीला दाखवला, दूधवाल्याला दाखवला. संध्याकाळी रिक्षावाल्यानं "काय खबर?" विचारायची वाटसुद्धा बघितली नाही. "मपल्या सुनंला दहापैकी दहा! फ्रान्सच्या बायांना बी मिळाले नसतील!" हर्सूल येईपर्यंत रिक्षातला एक शाळामास्तर विचारत होता, की विषय कोणता होता.

सोनिया मॅडम परत आल्या. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर सरकवला आणि तो कागद वेगळा ठेवला.

"हा धरता येणार नाही, मावशी."

"कामून?"

"तुम्ही विचारलंत म्हणून. नियम आपला ठरलाय ना?"

"मपली सून खोटं बोलती म्हणता का?"

"खोटं नाही. ती तुम्हाला खूश करतेय. मी पुन्हा विचारते, तुम्ही बाहेर थांबा."

सरूबाईचं तोंड एवढंसं झालं. राग नाकाच्या शेंड्यावर आला. "एकदा विचारलं ना? आता परत काय विचारायचं? पोरीला उगं कामून तरास?" म्हणून तिनं विषयच बंद केला, आणि सुट्टी मिळाल्याबरोबर सायलीला घरी घेऊन आली. सोनिया मॅडम दारापर्यंत आल्या, सायलीच्या हातात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून गेल्या.

घरी काही म्हणजे काही कमी नव्हतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गरम भाकरीवर तूप, कानाला रुमाल. सरूबाईनं हॉस्पिटलातून रजा घेतली होती. टाक्यांना पाणी लागू द्यायचं नाही, शेगडीचा शेक टाक्यांजवळ न्यायचा नाही, हे सगळं ती काटेकोर पाळायची. बाळाला मांडीवर घेऊन तेल चोळताना ती त्या जिवाशी इतकं बोलायची, की पुंजारामला वाटायचं पाहुणे आलेत.

गल्लीतल्या बायका बाळ बघायला यायच्या. सरूबाई सगळ्यांना तेच सांगायची, "दहापैकी दहा. काही म्हणून तरास नाही पोरीला." सायली भिंतीला टेकून बसलेली असायची आणि मान खाली घालून हसायची. आता दहा मिळालेल्या पोरीनं कण्हायचं तरी कसं? गोकुळ वाळूजहून रात्री उशिरा यायचा, त्यालाही ती बरं आहे म्हणायची. ती कुशीवर वळायची तर एकाच अंगाला वळायची. खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची. पाणी थोडंच प्यायची, कारण जास्त प्यालं की उठावं लागतं, आणि उठायचं म्हणजे ओठ दाताखाली घ्यावे लागतात. हे सगळं सरूबाईच्या डोळ्यांसमोर होत होतं. पण डोळ्यांवर दहाचा आकडा बसला होता, त्यातून काही दिसत नव्हतं.

मग एक दिवस कडूबा आला. फर्दापूरहून एसटीनं, हातात दोन पिशव्या. बाळंतिणीला काय न्यायचं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून त्यानं दुकानदाराला विचारून विचारून आणलं होतं. खारीक, गूळ, ओवा, लहान बाळाचं झबलं, आणि का कोण जाणे, एक नवी छत्री.

"कशी हाईस, बाळा?" त्यानं दारातूनच विचारलं.

"बरी आहे, बाबा."

"दहापैकी दहा!" सरूबाई स्वयंपाकघरातून ओरडली.

कडूबा नातीला मांडीवर घेऊन बसला, चहा प्याला, तिच्या मुठीत आपलं बोट दिलं. जायला निघाला तेव्हा सरूबाई त्याला चौकापर्यंत सोडायला गेली. तो चपला घासत चालला होता. मग एकदम म्हणाला, "इहीणबाई, एक सांगू का? शाळेत असताना तिचा पाय पत्र्यानं कापला व्हता. मला बोलली नाही. पायाला फडकं बांधून, मोजा चढवून शाळेत जात राहिली. बुटातून रगत आलं तवा मास्तरनं घरी आणली. मी म्हनलं, बाई, सांगायचं नाही का? तर म्हणली, 'बाबा, तुमी दुकान बंद करून बसला असता.'"

"अवो, पण आता कुठं काय..."

"नाही, तुमी लई करताय. मी बघितलं ना. फक्त तिचं बरं हाय म्हणणं... ते तसंच हाय, मोज्यासारखं." त्यानं हात जोडले आणि एसटीसाठी पुढं गेला.

सरूबाई भराभर परत आली. केसरबाईनं ओट्यावरून हाक मारली तरी थांबली नाही. आत सायली बाळाला पाजत होती. सरूबाईनं तिच्या कपाळावर तळहात ठेवला. वॉर्डात येईल त्या बाईच्या कपाळावर ठेवायची तोच हात. कपाळ कढत होतं.

"ताप हाय का गं?"

"नाही, उकडतंय म्हणून."

"टाके दुखत्यात का?"

"बरं आहे, आत्याबाई."

सरूबाईनं पुढं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आपण कितीही विचारलं तरी उत्तर तेच येणार, हे तिला उमगलं. वॉर्डात दुसऱ्यांच्या सासवांना खांद्याला धरून बाहेर काढताना जे तिला लख्ख कळत होतं, ते घरात आल्यावर तिनं चपलांबरोबर दारातच काढून ठेवलं होतं.

तिनं सायलीच्या उशाखालून मॅडमची ती चिठ्ठी काढली. फोन लावला.

"मॅडम, मी सरूबाई. माझ्या सुनंला ते प्रश्न विचारा. आत्ता. मी फोन देते तिला." आणि पुढं म्हणाली, "आन् मी बाहेर जाते."

फोन सायलीच्या हातात दिला, बाळाला आपल्याकडं घेतलं, जाता जाता पुंजारामला दंडाला धरून उठवलं. "चला, नातेवाईक बाहेर." पुंजाराम "बरं" म्हणाला आणि पेपर घेऊन उठला. सरूबाईनं दार ओढून घेतलं आणि ओट्यावर बसली.

"आपल्याच घराबाहेर कामून बसलीस गं?" केसरबाईनं विचारलं.

"नियम हाय."

"कुणाचा?"

"माझाच," सरूबाई म्हणाली.

आतून काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकलेल्या बाईला ते अवघडच गेलं. दोनदा तिचा कान दाराकडं वळला, दोनदा तिनं तो बाळाकडं वळवला. मग आतून रडण्याचा आवाज आला. मोठ्यानं, लहान पोरीसारखा, नाक ओढत. सरूबाई अर्धी उठली, परत बसली. बाळाला छातीशी धरून ती डुलत राहिली, आणि केसरबाई शहाणी, तिनं नुसतं बाळाचं दुपटं सारखं केलं.

सायलीनं दार उघडून फोन पुढं केला तेव्हा तो चालूच होता. सोनिया मॅडम म्हणाल्या, "मावशी, आत्ताच घेऊन या. टाक्यांना पू झालाय असं वाटतंय. घाबरू नका, वेळेत कळलंय. पण आत्ताच."

"किती सांगितले तिनं?"

"ते मी सांगणार नाही, मावशी. ते तिचे आहेत."

सरूबाईच्या जिभेवर दहा प्रश्न आले. पण ती "बरं" म्हणाली. पुंजारामनं पेपरातून मान वर केली. आपला शब्द बायकोच्या तोंडून त्यानं पहिल्यांदाच ऐकला असावा.

टाके एका कोपऱ्यात खरंच बिघडले होते. साफ केले, औषधं चालू केली, सायलीला पुन्हा वॉर्डात ठेवलं. सरूबाई रजा मोडून कामावर आली. आता तिची गंमत अशी, की ती नातेवाईकही आणि मावशीही. सोनिया मॅडम सायलीकडं जाताना दिसल्या की ती न सांगता उठून बाहेर जायची आणि इतर सासवांबरोबर जिन्यात उभी राहायची. एक सासू तिला म्हणाली, "तुमाला बी काढलं का भाएर?" सरूबाई म्हणाली, "मला तर पहिलं काढायला पायजे व्हतं."

ताप उतरला त्या दिवशी सकाळी सायलीला खाटेवरून उठायचं होतं. सरूबाई पलीकडं चादर बदलत होती. हाक मारायची नाही, सांगायचं नाही, मागायचं नाही, हे तिच्या सुनेचं तिला आता पाठ झालं होतं, म्हणून ती एक डोळा तिकडं ठेवूनच होती. सायलीनं गज धरला. मग सोडला.

"आत्याबाई."

"काय गं?"

"जरा इकडं येता का?"

सरूबाई चादर तिथंच टाकून आली. सायलीनं खाली बघत, हळूच, दोन्ही हात सासूच्या गळ्यात टाकले. हात गार होते, बारीक होते. सरूबाईला बकरीची गोष्ट आठवेना. कोणतीच गोष्ट आठवेना. ती नुसती वाकून उभी राहिली.

"दुखतंय," सायली तिच्या खांद्यात म्हणाली.

"किती?"

सायली थांबली. आत चाचपून बघावं तशी थांबली. "दहा म्हणजे छान ना? मग चार."

"चार?"

"चारच. आधी तर..." ती घुटमळली. "आधी एक होता, आत्याबाई."

सरूबाईनं तो एक गिळला, वाईट बातमी गिळायची तसाच. "असू दे," ती म्हणाली. "चार म्हणजे चार. पाय टेकव हळूच. मी धरलंय." आणि मग तिला अचानक सुचलं, "त्या बकरीचं पुढं काय झालं तुला ठाऊक हाय का? नाही ना? कुणालाच ठाऊक नाही. बकरीनं पत्रिका खाल्ली, त्यात तारीख व्हती. वऱ्हाड आलं दुसऱ्याच दिवशी..."

सायली हसली, पोट धरून "आई गं" म्हणाली, मोठ्यानं म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

घरी आल्यावर कुठल्याशा संध्याकाळी सरूबाई ओट्यावर बसून केसरबाईला सांगत होती, "आमच्या सायलीनं मला चार सांगितले. तोंडावर. मला!"

केसरबाईला उलगडा होईना. "अगं, पैले दहा व्हते ना? चारावर आली न् तू नाचायली कामून?"

"ते दहा सासूला व्हते गं," सरूबाई म्हणाली. "हे चार म्हणजे..."

तेवढ्यात आतून हाक आली. "आत्याबाई, मला पाणी द्या ना. तांब्याभर द्या. आणि उठायला पण या मग."

वाक्य तसंच अर्धं टाकून सरूबाई आत पळाली. केसरबाई थोडा वेळ वाट बघत बसली. मग शेजारी पेपर वाचत बसलेल्या पुंजारामला म्हणाली, "भाऊजी, चार म्हणजे काय ते तुमी तरी सांगा."

पुंजारामनं विचार केला. "बरं हाय," तो म्हणाला, आणि पेपराचं पान उलटलं.